दार नव्हे, झाकण

"आख्ख्या शिंगणापुरात कुणाचं नसंल असं किचन करून दाखवते! बघत राहा तुमी!"

दीपानं असं जाहीर केलं तेव्हा तिचा नवरा रंगनाथ तेलाच्या बाटल्या पुसत होता. देवळाच्या रस्त्यावर त्याचं तेलाचं आणि रुईच्या हारांचं दुकान. गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही हा त्याच्या धंद्याचा नियम, आणि तोच त्यानं संसारालाही लावून टाकला होता. तो म्हणाला, "कर." आईनं येऊन "हे काही करायचं न्हाई" असं बजावलं असतं, तरी तो तिलाही "बरं" म्हणाला असता.

दीपाची तयारी दांडगी होती. भाकरी थापता थापता तिनं मोबाइलवर किचनचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की एक-दोन भाकऱ्या रोज करपायच्या. त्यातली एक गोड आवाजाची बाई सारखी सांगायची, की रंग पांढरा ठेवा, हँडल साधं ठेवा, सिंक खिडकीखाली घ्या, ओट्यावर पसारा मांडू नका. म्हणजे नातवंडांच्या काळातही तुमचं किचन जुनं दिसणार नाही. दीपाला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. शेजारणी विचारायच्या तेव्हा ती हेच ऐकवायची.

पण खरं सांगू का? पांढरा रंग, साधं हँडल हे सगळं लोकांना सांगायला. तिचा जीव अडकला होता भलतीकडेच!

नगरला सावेडीत फैयाजभाईंचं किचनच्या कपाटांचं दुकान होतं. तिथं तिनं पहिल्यांदा ते कपाट पाहिलं. फैयाजभाईंनी दाराला, म्हणजे त्यांच्या भाषेत शटरला, बोटानं नुसता धक्का दिला. शटर निघालं, अर्ध्यात आल्यावर त्याचा वेग कमी झाला आणि झोपलेल्या लेकराजवळून आई उठून जाते तसं बिनआवाजी, हलकेच मिटलं.

दीपानं ते उघडलं आणि लावलं. परत उघडलं, परत लावलं.

"वहिनी, पुढचं बघायचं का?" फैयाजभाई म्हणाले.

"थांबा ओ जरा."

बरोबर आलेल्या रंगनाथचा चहा आला, पिऊन झाला, कप परत गेला. दीपा आपली लावतेच आहे!

आता शिंगणापुरातल्या घरांना दारं नसतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चौकट असते, चौकटीला पडदा असतो. कडी नाही, कुलूप नाही. राखणारा देव आहे. अलीकडे कोणी कोणी इकडंतिकडं करायला लागलंय म्हणतात, पण दीपाच्या सासूबाई लंकाबाई त्यातल्या नव्हेत. त्यांच्या घरात लाकडी कपाटालासुद्धा फळ्या आणि पुढं साडीचा पडदा. लग्न होऊन आल्यापासून दीपाला चोराची भीती एकदाही वाटली नाही. तिला धास्ती होती ती शेजारच्या भीमाबाईची!

भीमाबाई केव्हाही यायची. कढईवरचं झाकण उचलून "आज पुन्हा वांगंच का?" म्हणायची. साखर संपली की आपल्या हातानं घेऊन जायची आणि जाता जाता डबा कसा पुसावा हेही सांगायची. बाई वाईट नव्हती, अडीअडचणीला पहिली धावून यायची. पण माणसाला कधीतरी अडचण नसतानाही बसावंसं वाटतं की नाही?

दीपा कोल्हारची. माहेरचं घर प्रवरेच्या बाजूला, आणि सैपाकघराला निळं दार. दुपारची भांडी झाली की ती ते दार लावून घ्यायची आणि आत बसायची. काय करायची? काही नाही! शेंगदाणे खायची, नाहीतर नुसती जमिनीवर पाठ टेकून पडायची. लग्नानंतर तिला आईची आठवण यायची, नदीची यायची. पण सगळ्यात जास्त आठवण यायची ती त्या दाराची. हे ती कोणाला सांगणार? दाराची आठवण येते म्हणून कोणी रडतं का! आणि रडायला बसलं तरी कुठं बसणार? भीमाबाई होतीच.

तर कपाटाची परवानगी तिनं सासूबाईंकडून रीतसर काढली होती. "आत्या, ओट्याच्या खाली-वर नवी कपाटं बसवायची म्हणते."

"बसव की. डबे तरी धुळीत पडनार न्हाईत."

दारांचं काय, हे दीपानं विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

फैयाजभाईंनी आधी नुसते सांगाडे बसवले. पांढरेशुभ्र खण, खाली-वर. लंकाबाई खूश! त्यांनी स्वतः पुसून डबे लावले, फैयाजभाईंना दोनदा चहा पाजला, गल्लीतल्या बायकांना बोलावून आणलं. "सूनबाईची आयडिया हाय," असंही म्हणाल्या. असं त्या दीपाबद्दल चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या.

"चला मावशी, राहिलेलं उद्या," फैयाजभाई हत्यारं आवरत म्हणाले.

"आता काय ऱ्हायलं?"

"शटर."

लंकाबाईंना शटर म्हटलं की दुकानाचं ठाऊक. त्यांना वाटलं, पोराच्या दुकानाचंही काही काम काढलंय. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि फैयाजभाईंना वाटेत खायला गुळाचा खडा दिला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून शटरं उतरली, आणि लंकाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ही तर दारं हायती!"

दार असतं तर त्यांनी ते फैयाजभाईंच्या तोंडावर लावलं असतं. ते नव्हतं, म्हणून स्वतःच चौकटीत हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या!

"मावशी, कपाटाला असतातच हो."

"तुमच्या नगरला असत्याल! ह्या घरात दार लागनार न्हाई!"

"आत्या, पन हे काय घराचं दार हाय का?" दीपा म्हणाली.

"घराच्या आतलं घराचंच की!"

रंगनाथला बोलावलं. तो आईला म्हणाला, "बरोबर हाय." बायकोला म्हणाला, "तुझंबी बरोबर हाय." आणि गिऱ्हाईक थांबलंय असं सांगून दुकानात निघून गेला. शेवटी भीमाबाई जाऊन कारभारीनानांना घेऊन आली. नाना गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांचा शब्द सहसा कोणी मोडत नसे, कारण तो यायलाच फार वेळ लागायचा. नाना बसले. पाणी प्याले. मग काठीनं फ्रिज दाखवला.

"ह्याला दार न्हाई का?"

लंकाबाई अडखळल्या. "ते... लाईटीचं हाय ना."

"व्हय. लाईटीच्या वस्तूला सूट हाय," नानांनी मान डोलावली. "बरं, पिठाच्या डब्याला?"

"त्याला झाकन असतंय."

"झाकन चालतंय?"

"चालतंय की! न चालून कसं?"

नानांनी डोळे मिटले. दीपाचा जीव टांगणीला लागला. मग नाना म्हणाले, "मंग सोपं हाय. आडवं उघडंल ते दार. वर उघडंल ते झाकन. मिस्त्री, ही समदी वर उघडतील अशी लावा!"

बायका "वा वा" म्हणाल्या. फैयाजभाईंनी कपाळावर हात मारला. "नाना, वरच्या कपाटांना जमेल. खालच्यांना वर उघडून धरणार कोण?"

"हात हायती की."

"आणि आतले डबे काढणार कशानं?"

"मिस्त्री, निवाडा झाला!"

फैयाजभाईंनी दीपाकडं पाहिलं. दीपानं होकाराची मान हलवली. झाकण तर झाकण! मिटण्याशी मतलब!

पण ते मिटेना. खालची झाकणं उचलली की हातानं धरावी लागत, हात सुटला की धाड! ते हलकेच, बिनआवाजी मिटणं कुठल्या कुठं गेलं. दीपा डाळ काढायची तर झाकण डोक्यावर तोलून. सासूबाई गूळ काढायच्या तर झाकण पाठीवर घेऊन. रंगनाथ रात्रीच्या जेवणाला ताट घ्यायला वाकला आणि असा आपटला, की त्यानं त्या दिवसापासून दुकानातच वडापाव खाऊन यायचं ठरवलं. दीपाच्या कपाळाला टेंगूळ, लंकाबाईंच्या कपाळाला टेंगूळ. दोघी समोरासमोर बसून हळद लावायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

आणि आली शनि अमावास्या!

गावात ही गर्दी. रस्ता माणसांनी फुललेला. रंगनाथ पहाटेच दुकानात, लंकाबाई त्याच्या मदतीला. दीपा मागं कपडे वाळत घालत होती. अशात नेहमीप्रमाणे भीमाबाई डाळीचं पीठ न्यायला आली. पिठाचा डबा होता ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या खणात, पार आत. तिनं झाकण उचललं, डोकं घातलं, खांदे घातले आणि हात सोडला.

धाड!

"अगं मेले! अगं मला कोंडलं!"

आता बघा, ह्या गल्लीत आजवर कोणी कोंडलं गेलेलं नव्हतं. कोंडायचं कशात? त्यामुळं सुटायचं कसं हेही कोणाला ठाऊक नव्हतं! झाकण वर ढकलावं, हे सोपं होतं. पण भीमाबाईला ते दार वाटलं, आणि ती ते मागं लोटायला लागली. जितकी लोटी तितकी आत जाई. आरडाओरडा ऐकून शेजार धावला. रस्त्यावरचे भाविक धावले. अडवायला दार नाही! बघता बघता घर गच्च भरलं. पुढच्यांना अर्धी भीमाबाई दिसत होती, मागच्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यामुळं मागच्यांनी चपला काढल्या आणि रांग धरली. एका म्हाताऱ्यानं तर हार पुढं सरकवला!

"काय हाय आत?"

"गर्दी बघा की! कायतरी असनारच!"

दीपा ओल्या हातांनी माणसांतून वाट काढत आली, झाकण उचललं आणि भीमाबाईला पाय धरून ओढून बाहेर काढलं. भीमाबाई पिठानं पांढरीफटक. किचनला अगदी मॅचिंग! पण तिला काही लागलं नव्हतं. बसल्या बसल्या तिनं पहिलं वाक्य टाकलं, "पीठ जुनं झालंय गं तुमचं."

संध्याकाळी लंकाबाईंनी निकाल दिला. "समदी काढा. दारबी न्हाई आन् झाकनबी न्हाई."

दीपा भांडली नाही. तिनं नुसती मान खाली घातली. भांडायला बळ लागतं, आणि तिचं बळ त्या शटरांबरोबर गेलं होतं. पांढरे खण राहणार होते, खिडकीखालचं सिंक राहणार होतं. व्हिडिओतल्या बाईनं शाबासकी दिली असती. पण दीपाला हवं होतं ते एवढंच, की ह्या घरात काहीतरी एक मिटावं, आणि ते तिनं मिटवावं. तेवढंही नशिबात नव्हतं.

फैयाजभाई आले. एक एक शटर काढून भिंतीला टेकवत गेले. शेवटचं शटर उरलं, खिडकीजवळचं. त्यांनी ते काढलं आणि हातात घेऊन थांबले. मग पिशवीतून मूळची बिजागरी शोधली आणि शटर परत बसवलं. वर नाही, जसं असायला हवं होतं तसं, बाजूला.

"वहिनी, मी टेम्पोत बाकीचं भरतो. तोवर एकदा लावून तर बघा. मग काढतो."

दीपा त्या शटरापुढं उभी राहिली. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. एकदा लावून काय होणार? नंतर रोजच आठवण येणार. ती पदर डोळ्यांना लावून मागच्या अंगणात गेली, वाळलेले कपडे काढले, उगाच पुन्हा पुन्हा घड्या घातल्या.

परत आली तर चौकटीतच थबकली.

लंकाबाई फरशीवर बसल्या होत्या. एका बोटानं शटर लोटत होत्या. ते हलकेच जाऊन मिटायचं. त्या परत उघडायच्या. मिटायचं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आत्या!"

लंकाबाई दचकल्या, पण बोट काही खाली घेतलं नाही. "आमच्या पारनेरच्या घरला दार हुतं," त्या म्हणाल्या. "लई कुरकुरायचं. माझा बा म्हनायचा, तेल घाला. मी म्हनायची, नगं, मला आवाज आवडतोय. लावून घेतलं की आत मी एकटी. लगीन झालं आन् संपलं. मानसं हायती, देव हाय, कशाची कमी न्हाई. पर एकटं बसायला म्हनून मी जन्मभर कुठं बसलेच न्हाई गं."

दीपा कपडे घेऊन तशीच सासूबाईंशेजारी खाली बसली. तिला एवढी वर्षं वाटत होतं, की हे वेड आपलं एकटीचंच!

"मग आत्या, ऱ्हाऊ द्या की हे एक."

"ह्यात मी मावत्येय का?" लंकाबाई खेकसल्या.

इतक्यात फैयाजभाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत आले. "काढू का मावशी?"

"थांबा." लंकाबाईंनी नाक पुसलं. "असलंच एक कपाट मागल्या खोलीत करून द्या. फळी नगं, खन नगं. नुसतं दार."

"रिकामं? आणि साईज?"

"मी आत मांडी घालून बसंन एवढं!"

फैयाजभाई गोंधळले. "पण मावशी, देवाचं काय? तुम्हीच तर म्हणत होता..."

"देवापासनं कोन लपतंय? भीमाबाईपासनं लपायचंय!"

फैयाजभाईंनी सासूकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. सुनेच्या डोळ्यांतलंही त्यांना दिसलं असावं. माणूस मोठ्या मनाचा. टेप काढत ते आनंदानं म्हणाले, "मग असं करू का? थोडं मोठंच करतो. दोघी मिळून आत बसाल!"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

दीपा लग्न होऊन आल्यापासून सासूसुनांचं एकमत झालं, ते हे पहिलंच.