सुभानजीरावांनी रोकडीने घर राखिले त्याची हकीकत

श्रीगणराय सन्निध असोत, लेखणी सरळ चालो. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सर. नाव जैसे, तैसेच ते वर्ष गेले. डोंगराआडच्या एका राज्यात सुभानजीराव नामे सरदार होते. तिशीचे वय, तलवारीस तेज, मनाचे मोकळे आणि हाताचे त्याहून मोकळे. महाराजांची मर्जी बहुत, म्हणोन त्यांस बोटातली मुद्रा बक्षीस जाहली होती, की बाजारात जावे, कागदावर मुद्रा उमटवावी, माल घरी न्यावा आणि पैका दिवाळीचे पाडव्यास चुकता करावा. मग काय विचारता! राव सकाळी निघत आणि अत्तराची कुपी घेत, आणि डोईस मंदील घेत, आणि बयाजी नामे सरदार मित्र संगे असे तो म्हणे, "राव, हा शेला तुम्हांसच शोभतो," मग शेलाही घेत आणि तैसाच दुसरा बयाजीस देत. मुद्रा शाईत बुडे, कागदावर बसे, आणि हातास काही भार लागत नसे.

पाडवा आला आणि दुकानदार आले, आणि सदर भरली, आणि अंगणही भरले. घरातील सारी रोकड उभ्या उभ्या गेली तरी मंडळी हालेना. मग रावांच्या पत्नी मैनाबाईसाहेब यांनी आतून चांदीची ताटे काढून दिली, तेव्हा अंगण मोकळे जाहले. त्याच सांजेस सरकारातून हुकूम आला की येत्या दसऱ्यास सर्व सरदारांनी आपला घोडा, आपली शस्त्रे आणि मोहिमेचा शिधा घेऊन हजिरीस उभे राहावे. ज्याची तयारी अपुरी, त्याची जहागीर दुसऱ्यास जाईल. रावांनी हुकूम वाचला आणि जागीच खाली बसले.

बाई बोलिल्या, "पान वाढले आहे, उठावे." राव बोलिले, "घास कसा उतरेल? जहागीर गेली तर तुम्हांस घेऊन जाऊ कोठे? आणि मी काही उधळ्या नव्हे हो. पैका जातो केव्हा, तेच मला कळत नाही!" तेव्हा बाई जवळ बसल्या आणि बोलिल्या, "कळणार कसे? मुद्रा उमटवताना हातास काही जाणवत नाही. नाणे मोजून द्यावे लागले की हात आपणच आखडतो. ती मुद्रा परत करावी, आणि चाकरीची तैनात, जो पगार तो, महिन्याचे महिन्यास रोख मागून घ्यावा." राव बोटातली मुद्रा फिरवीत म्हणाले, "भर दरबारात?" बाई बोलिल्या, "भर दरबारातच मिळाली होती ना?"

मग राव दरबारी गेले आणि मुद्रा महाराजांपुढे ठेविली. महाराजांनी कारण पुसिले, तेव्हा राव बोलिले, "तलवार माझ्या हुकमात आहे, महाराज. ही नाही." बयाजी मोठ्याने बोलला, "आता राव सुपारीसही घरातून पैसे मागणार!" आणि दरबार हसला, आणि रावांचे कान तापले. महाराज मात्र हसले नाहीत; त्यांनी मुद्रा ठेवून घेतली आणि तैनात दरमहा रोख देण्याचा हुकूम केला.

मैनाबाईंनी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या. एक धान्याची, एक चाकरांची, एक घोडीच्या दाण्याची, एक मोहिमेची, आणि रावांच्या शौकाची एक, ती सर्वांत लहान. रोकड आली की आधी पिशव्या भराव्या, मग बाजार करावा, आणि एकीतले दुसरीत जाऊ नये, ऐसा नेम केला. पौषात अत्तार हिन्याचे अत्तर घेऊन दारी आला आणि शौकाची पिशवी रिकामी. बयाजी म्हणाला, "दाण्याची भरली आहे की! घोडी काय तक्रार करते?" रावांस मोह आवरला नाही, तीतून नाणी काढून कुपी घेतली. बाईंनी ते पाहिले. पिशवीत उरले तितक्याचाच दाणा आणविला. सांजेस राव पागेत गेले तो घोडी रिकामी टोपली चाटत होती. त्यांनी हात पुढे केला, तिने तो हुंगला, हिन्याच्या वासाने फुरफुरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. राव तैसेच माघारी फिरले आणि अत्ताराचे दुकानी जाऊन कुपी परत केली. त्याने अर्धेच पैसे दिले, ते निमूट घेतले आणि वाटेत हरभरे घेऊनच घरी आले.

पुढे बयाजी आला की राव सांगत, "आज पिशवी रिकामी आहे, ताक घ्या," आणि बयाजी ताक पिई, आणि मग येईनासा जाहला. आणि नवल ऐसे की पिशवीत नाणी असत तेव्हा राव निर्धास्त खर्चू लागले, मागाहून कोण दारी येईल ही धास्ती उरली नाही.

सर्वजितनाम संवत्सर लागले, दसरा आला. माळावर कारकुनांनी खोगीर पाहिले, नाल पाहिले, शिधा तोलून पाहिला. बयाजीचे घोडे उसने, आणि घोड्याचा धनी लगाम सोडीना. त्याची गाळण उडाली. मग पुकार जाहला, "सुभानजीराव, हजिरी पुरी!" तोच सांडणीस्वार दौडत आला की शेजारच्या राज्याने सलूख करून तह केला, मोहीम रद्द जाहली. माळभर आनंद जाहला. राव घोडीवरून उतरले आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हसू लागले. महाराज जवळ आले आणि हळूच बोलिले, "त्या पिशव्यांचे माप घरी विचारून या. खजिन्यास हव्या आहेत."

घरी येऊन रावांनी मोहिमेच्या पिशवीत उरलेला पैका बाईंपुढे ओतला आणि बोलिले, "याचे काय करावे?" बाई हसल्या आणि बोलिल्या, "इतक्या पिशव्या शिवल्या, घोडीचीसुद्धा झाली. माझ्या नावाची एक नाही." रावांनी नाणी बाजूस सारली. मग सुईदोरा मागितला, आणि तलवारीच्या हाताने पिशवी शिवावयास बसले, दोनदा बोट टोचले, टाके वाकडे पडले, तरी पुरी केली, भरली आणि बाईंच्या ओटीत ठेविली. त्यातले काय कोठे खर्चिले ते रावांनी पुसिले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

सारांश, त्या घरी पुढे रोकडीवाचून जिन्नस आला नाही, जहागीर राहिली, आणि राव स्वस्थ निजू लागले. कळले तैसे लिहिले. वाचणारांनी सुखी असावे.