कॅम तुलना उपसमितीचा अहवाल

चाकाची निवड चुकली की माणूस वाया जातो, हे इतिहासात कुठे लिहिलेलं नाही. पण विस्कॉन्सिनमधल्या आमच्या लोन एल्म गावच्या धनुर्धारी क्लबात ते सर्वांना तोंडपाठ आहे. आमच्या शिकारी धनुष्याच्या टोकांना चाकं असतात. त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढताना सत्तर पौंड जोर लागतो, पण पूर्ण ओढली की कॅम फिरतो आणि हातावर उरतात चौदा. बाकीचं ओझं कॅम सांभाळतो. (असा जावई मिळायला भाग्य लागतं.)

कॅमचे प्रकार तीन. एककॅम: आवाज कमी, देखभाल कमी, बाणाची शेपटी मात्र जरा हलते. जोडकॅम: वेगवान, पण दोघांचं एकमेकांशी पटलं तरच. संकरित: यात वरील दोन्हींचे दोष समान वाटून घेतलेले आहेत. यांतला श्रेष्ठ कोणता, हे ठरवायला क्लबाने नऊ वर्षांपूर्वी उपसमिती नेमली. अध्यक्ष व्हर्लिन टॉलेफसन, वय त्रेसष्ट. सचिव मी. बैठक दर गुरुवारी मर्ल कोपिट्झकेच्या धनुष्यांच्या दुकानात, तळलेल्या चीजसह. (चीजबाबत मतभेद नाहीत.)

उपसमितीची आकडेवारी बोलकी आहे. नऊ वर्षांत एकतीस सभासदांनी कॅम बदलले. बदलतेवेळी सरासरी वय अठ्ठावन्न. नवा कॅम 'लोण्यासारखा' असल्याचं सांगणारे एकतीस. खांदा दुखत असल्याचं सांगणारे शून्य. वय आणि कॅम यांचा काही संबंध असल्याचं उपसमितीला आढळलं नाही.

यंदा ऑगस्टमध्ये व्हर्लिनने सरावाला धनुष्य उचललं, दोरी निम्मी ओढली; पुढे ती येईना. आम्ही सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. "कॅम अडकतोय," व्हर्लिन म्हणाला. मर्लने मान डोलावली. सप्टेंबरात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि गेली एक्केचाळीस वर्षं पहिल्या शनिवारी व्हर्लिन त्याच ओकच्या झाडावरच्या मचाणावर बसतो. दोरी ओढता आली नाही तर उरतो क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा धरायचा आणि घोडा दाबायचा. आमच्याकडे क्रॉसबो घेतलेल्या माणसाशी लोक एकदम फार प्रेमाने बोलायला लागतात. व्हर्लिनला ते प्रेम नको होतं.

त्याने जोडकॅम काढून एककॅम बसवला. अडकला. मग संकरित मागवला. तो बसवायच्या दिवशी मी दुकानात मागच्या बाजूला बाण निवडत होतो, तेव्हा व्हर्लिनची बायको लवॉन आली.

"किती फेरे सैल केलेस?" तिने मर्लला विचारलं.

"तीन."

"अजून एक कर. सकाळी शर्ट घालताना बाही मला धरावी लागते. आणि मर्ल, चाक कुठलंही घाल बाबा, स्वस्तातलं बघ."

धनुष्याच्या दांड्यांना दोन बोल्ट असतात. ते सैल केले की सत्तरचे साठ पौंड होतात. नवं काही आणावं लागत नाही, एक पान्हा पुरतो. आमच्या नऊ वर्षांच्या अहवालात या पान्ह्याचा उल्लेख नाही.

लवॉन गेल्यावर मी पोट धरधरून हसलो. एकतीस शहाणे, एकतीस लोण्यासारखे कॅम, आणि काम सगळं पान्ह्याचं. डोळे पुसत मी मर्लला सहज म्हटलं, बरं झालं, माझा संकरित तरी खरोखरच गुळगुळीत आहे.

मर्लने टेबलावरच्या चीजच्या कागदाची घडी घातली.

"तुझे पाच फेरे," तो म्हणाला. "आर्डिस गेल्या वसंतात येऊन गेली."

आर्डिस माझी बायको. त्या संध्याकाळी तिने वाढलेलं सगळं मी जेवलो, आणि न सांगता भांडी घासली.

शनिवारी व्हर्लिन मचाणावर चढला. हरीण आलं, त्याने दोरी पूर्ण ओढली आणि नेम चुकला. दुपारी तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा वीस वर्षांनी तरुण होता. "कॅम बदलला की फरक पडतोच," तो म्हणाला. सचिव या नात्याने मी ते वाक्य अहवालात जसंच्या तसं घेतलं आणि संकरित कॅम एकमताने श्रेष्ठ ठरला.

वाचकहो, तुम्हालाही आमचं हसू आलं असेल. येऊ द्या. तुमचा नवा टीव्ही जुन्यापेक्षा किती स्पष्ट ऐकू येतो, हे परवा तुम्ही चार जणांना सांगितलंत. रिमोटवरून आवाज घरात कोण वाढवून ठेवतं, तेवढं फक्त बघून घ्या.