शिवीबंदीच्या काळातली सुट्टी

माणसांशी प्रेमाने वागलं की धंद्याची भरभराट होते, हे जगाला फार पूर्वीपासून माहीत होतं. गोंदियाला ते यंदा दिवाळीनंतर कळलं. (भरभराट नेमकी कोणाची, हा तपशील अजून यायचा आहे.) कळवण्याचा मान नागऱ्याच्या रस्त्यावरच्या हेमेंद्रभाऊंच्या राईस मिलकडे जातो.

त्याआधी या मिलचा कारभार भाऊंच्या शिव्यांवर चालायचा, आणि खोटं कशाला बोला, बरा चालायचा. तुटका तांदूळ, म्हणजे कनकी, चाळणाऱ्या सुमनबाईंना तो इतक्या वर्षांत तोंडपाठ झाला होता. सुट्टी मागितली आणि भाऊ 'मर तिकडं' म्हणाले, की दोन दिवस मंजूर. 'तोंड नको दाखवू' म्हणजे आठवडा. 'तुझ्या बापाची मिल आहे काय?' म्हणजे अर्धा दिवस, तोही जेवणानंतर. (आईचा उद्धार झाला तर विनंती फेटाळली असं समजायचं. बायामाणसांना भाऊ नुसतं 'हट्' म्हणून फेटाळत. तेवढी मर्यादा त्यांना होती.) ना कागद, ना सही. मात्र शिवी न घेता जो आपल्या मर्जीनं गेला, तो गेलाच. गुलाब हमाल असाच साळ्याच्या लग्नाला गेला आणि परतला, तर त्याच्या जागेवर दुसराच माणूस पोती उचलत होता.

मग भाऊ रायपूरला शिबिराला गेले. विषय होता, करुणेनं नेतृत्व. तिथं सगळ्या व्यापाऱ्यांना डोळे मिटून लहानपण आठवायला लावलं, तेव्हा अख्खा हॉल एकदम रडला. (जेवण चांगलं होतं.) भाऊ तिथून दोन गोष्टी शिकून आले. एक, शिवी म्हणजे नेतृत्वाचा पराभव. दोन, नेत्यानं उत्तर द्यायचं नसतं. समोरच्याला त्याचं उत्तर त्याच्याच मनात शोधू द्यायचं असतं. दुसरी गोष्ट तर भाऊंना फारच आवडली.

मिलच्या फाटकावर पाटी लागली, 'इथे माणसं नव्हे, भावना काम करतात.' (हजेरी मात्र माणसांचीच घ्यायचे.) पहिल्या सकाळी भाऊंनी हात जोडून विचारलं, "कसं वाटते तुम्हाला?" आणि हमाल आपली बाकी मजुरी बोटांवर मोजू लागले. मालक गोड बोलू लागला म्हणजे मिल विकली, हे गोंदियात लहान लेकरालाही कळतं. मुकादम योगराज घरी जाऊन बायकोला म्हणाले, "भाऊले कायतरी मोठी बिमारी झाली वाटते."

अशा या सुवर्णकाळात सुमनबाईंच्या रीनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. गुरुवारी दुपारी, कुडव्यात, घरीच. दवनीवाड्याहून पाहुणे येणार होते. एकुलती एक पोरगी, नवरा गेल्यावर कनकीची धूळ खात वाढवलेली. त्या दिवशी आईनं दारात उभं राहू नये, तर कोणी राहावं? सुमनबाई सोमवारीच ऑफिसात गेल्या आणि सवयीनं शिवी खायला मान खाली घालून उभ्या राहिल्या.

भाऊंनी खुर्ची दिली. पाणी दिलं. मुलाचं नाव विचारलं, तो काय करतो ते विचारलं. रीना लहानपणी मिलमध्ये यायची, ते आठवून त्यांचे डोळे भरून आले.

"मंग जाऊ का जी गुरुवारी?" सुमनबाईंनी विचारलं.

"तुमचं मन काय म्हणते?"

"मन तं जा म्हणते जी."

"वा! मनाचं ऐकणं सोपं नसते, बाई. आता हेही ऐका. गुरुवारी तांदळाचा ट्रक लागणार आहे, अन् मिल म्हणजे तुमचं घरच. दोन्ही घरं मनात ठेवा. निर्णय तुमचा. मी तुमच्या पाठीशी आहे."

सुमनबाई बाहेर आल्या. हो म्हणाले की नाही, हे त्यांना काही केल्या कळेना. योगराजांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "शिवी तं नाई देल्ली ना? मंग काई सांगता येत नाई."

गुरुवारी सुमनबाई चाळणीपाशी हजर होत्या. नवी साडी पिशवीत, जीव कुडव्यात. भाऊ त्यांना पाहून गहिवरले. घरी साक्षगंध असताना कामावर आलेली बाई! त्यांनी मशीन बंद करवलं, सगळ्यांना गोल उभं केलं आणि कृतज्ञतेचा तास सुरू केला. (तास म्हणायची पद्धत. ट्रक भरायला त्यामुळे उशीर झाला, आणि तो भरून काढायला सगळ्यांना थांबावं लागलं. ओव्हरटाइम भावनेत मिळाला.) प्रत्येकानं सुमनबाईंबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं होतं. भाऊ सर्वात जास्त बोलले, आणि शेवटी रुमाल काढून रडलेच.

सुमनबाईंना राहवेना. साऱ्या मिलदेखत त्यांनी हात जोडले. "मालक, पाया पडतो तुमच्या. एक शिवी द्या ना जी. पाहुणे येऊन राहिले!"

भाऊंनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. 'मर तिकडं' अगदी ओठांवर आलं असणार. हमालांना ते स्पष्ट दिसत होतं. पण माणूस खरोखर बदलला होता.

"तुमचा राग मला दिसते, बाई," ते हळूच म्हणाले, "अन् मी त्याचा आदर करतो."

टाळ्या पडल्या. योगराज कानाशी येऊन पुटपुटले, "जा ना बाई तुम्ही." सुमनबाईंनी विचारलं, "अन् उद्या माही जागा कोण राखन?" योगराज ट्रककडे पाहू लागले.

सुमनबाई कुडव्यात पोचेपर्यंत दिवे लागले. पाहुणे जेवून गेले होते. ओटी भरायला आईच्या जागी शेजारीण बसली होती. रीना नव्या साडीत तशीच बसलेली, डोळे सुजलेले. "माय, तू कायले नाई आली?"

सुमनबाईंनी चप्पल काढली. "मालक रडत होते वं बाई. मधातून कसं उठू?"

वाचून तुमचा जीव कळवळला ना? कळवळणारच, मनाची माणसं तुम्ही. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईनंही परवा आजची सुट्टी मागितली होती. तुम्ही तिला बसवलं, चहा दिला, लेकराबाळांची विचारपूस केली आणि 'बघू' म्हणालात. तुमचा स्वभाव फार चांगला आहे, असं ती चार घरी सांगते. आज सकाळीही ती कामावर आली होती.