सिस्टरबाईंचा आवाज

आमच्या शेजारच्या सिस्टर कुणाला 'या, बसा' म्हणत नाहीत. 'तोंड उघड' म्हणतात. गॅसची टाकी आणणारा असो की मत मागायला आलेला उमेदवार, आधी दारातल्या उजेडात उभं करून घसा बघणार, मगच आत घेणार. उमेदवाराचा घसा बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मीट. नायतर भाषण सुरू करशील."

नाव इंदुमती. तालुक्यातल्या खेडोपाडी नर्स म्हणून नोकरी झाली, आता भाट्याच्या रस्त्याला एकट्या राहतात. रागाचं खास ठिकाण म्हणजे 'घरगुती उपाय' हे दोन शब्द. आळीच्या ग्रुपवर कुणी 'घटसर्पावर लसणीचा रस' टाकलं, की त्या उत्तर लिहीत बसत नाहीत. चपला घालून थेट त्याच्या घरी जातात.

मला त्यांचा संताप यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला कोण अक्कल शिकवणार?

गेल्या थंडीत माझ्या सात वर्षांच्या सानिकाचा घसा धरला. अंगात कणकण होती. मी फोनवर वाचून लसणीचा रस मधातून दिला, हळदीच्या गुळण्या करवल्या, मग अननसाचा रस. तिसऱ्या दिवशी तिची मान सुजली. मनीषा, माझी बायको, म्हणाली, "दवाखान्यात नेऊया." मी म्हणालो, "उद्या बघू."

त्याच सकाळी सिस्टर कढीलिंब मागायला आल्या. सानिकाला बघून थांबल्या. "तोंड उघड, बाय." मग माझ्याकडे वळल्या. "राखाडी पापुद्रा धरलाय घशात. रिक्षा बोलव."

"चमच्याने काढता येईल का तो?" मी विचारलं.

"हात लावलास तर हात मोडीन! रक्त येईल तिथून!"

रिक्षात त्यांनी मला सोलून काढलं. "अरे मास्तर, घटसर्पाचा जंतू घशात बसून विष सोडतो. ते रक्तातून हृदयापर्यंत जातं. तुझी लसूण तिथे भांडायला जाणार आहे काय? गुळण्यांनी घशाला बरं वाटेल, विष नाय उतरत. त्याला इंजेक्शन लागतं, आणि तेसुद्धा वेळेत! पाचव्या वर्षीची लस दिलीस?"

त्या वर्षी आम्ही घर बदलत होतो. "राहून गेली," मी म्हणालो.

"राहून गेली!" त्या अशा ओरडल्या की रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

रुग्णालयात डॉक्टरांनी लगेच सानिकाला वेगळ्या खोलीत हलवलं. इंजेक्शन दुसरीकडून मागवायचं होतं. ते येईपर्यंत सिस्टर व्हरांड्यात उभ्या राहून फोनवर एकेकाशी भांडत होत्या. मी भिंतीला टेकून स्वतःला शिव्या घालत होतो. संध्याकाळी इंजेक्शन पोचलं. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." सिस्टर म्हणाल्या, "वेळेवर? या गाढवाने तीन दिवस घालवले!"

सानिका वाचली. पण हृदयावर ताण नको, म्हणून घरी आल्यावरही तिला अंथरुणातून उठायची बंदी होती. सिस्टर रोज दुपारी यायच्या, दारातच माझा उद्धार करायच्या आणि मग तिच्याशी पत्ते खेळत बसायच्या. रोज हरायच्या आणि "लबाड हायस!" म्हणून तिच्यावरही चिडायच्या. हातातले हुकूम त्या मुद्दाम दाबून ठेवतात, हे मी मागून बघत होतो.

एकदा मी कळवळून म्हणालो, "सिस्टर, चुकलं माझं. आता तरी ओरडू नका."

त्यांनी पत्ते खाली ठेवले.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीत असाच घसा बघितला होता. एवढीच पोर. तिची आजी म्हणाली, झाडपाल्याचा लेप लावलाय, उतरेल. मी बावीस वर्षांची. म्हाताऱ्या माणसाला उलट कसं बोलायचं? 'बरं आजी, पण उद्या नक्की न्या हं,' म्हणून परत आले. फार गोड बोलायचे रे मी तेव्हा."

सानिकाने विचारलं, "मग ती मुलगी आता कुठे असते?"

सिस्टरनी तिच्या पायांवर चादर ओढली, कडा नीट खोचल्या.

"तुझा डाव आहे, बाय," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मनीषाने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "सिस्टर गेल्या का?"