माग थांबवा!

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या वडगावच्या गल्लीत "माग थांबवा!" अशी आरोळी उठली की नवखा माणूस दचकतो. आम्ही दचकत नाही. समोरच्या रामाण्णांच्या घरखर्चाची बेरीज चुकलेली असते, एवढंच.

रामाण्णांनी चाळीस वर्षं साड्या विणल्या. माग विकले आणि लेकीनं पाठवलेल्या लॅपटॉपवर ते एक्सेल शिकले. शिकवलं मी, म्हणजे पाप माझंच. "ह्यो उभा, ह्यो आडवा. ह्यात शिकायचं काय, मास्तर?" असं म्हणून आठवड्याभरात ते कोथिंबिरीपासून काडेपेटीपर्यंत सगळं त्यात भरायला लागले. ठरवल्यापेक्षा जास्त खर्च झाला की चौकोन लाल व्हावा, ही सोयही मीच करून दिली. त्या लाल रंगाची त्यांनी अशी धास्ती घेतली की लॅपटॉप उघडण्याआधी देवाला हात जोडायचे.

मागावर धागा तुटला की माग बंद करून आधी तो सांधतात. घरातही तोच कायदा. बेरीज चुकली की गॅस बंद, पंखा बंद. त्यांच्या पत्नी कमळाक्का अर्धकच्च्या आमटीपुढे हातात पळी घेऊन बसून राहायच्या.

एकदा मी म्हटलं, "अण्णा, दुधाची ओळ दोनदा पडलीय. एक काढून टाकू?"

"काढायची न्हाय! इणकर धागा काढून टाकतो व्हय? गाठ मारतो!" आणि त्यांनी खाली नवी ओळ लिहिली : 'गाठ, वजा अठ्ठावीस.'

महिन्याला अशा दोन-तीन गाठी पडायच्या. मी घरी येऊन बायकोला सांगायचो आणि आम्ही पोटभर हसायचो.

गेल्या महिन्यात आरोळी ऐकून गेलो तर रामाण्णांना घाम फुटला होता. "बघा की मास्तर, लई लाल झालंय."

एकाच तारखेला दूध चार वेळा. आदल्या दिवशी तीन वेळा. खाली नुसत्या गाठीच गाठी.

अण्णा चष्मा शोधायला आत गेले तशा कमळाक्का हळूच म्हणाल्या, "चार येळा आणलंय खरंच. मी गपच हाय. रोज दही लावालीय. त्यास्नी सांगू नका."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला भीती वाटली. काही सुचेना म्हणून मी खालचं दुसरं पान उघडलं. पानाचं नाव होतं 'भ्या'. त्यात पैशाचा एकही आकडा नव्हता.

'कमळा. चहात साखर न्हाय, आलं लई.'

'रागावली की जेवत न्हाय. आपणच ताट वाढायचं.'

'उजवा गुडघा दुखतो तिचा. पायरी उतरताना हात धरायचा.'

'समोरचे मास्तर. हाक मारली की येतात.'

मागून अण्णांचा हात आला आणि लॅपटॉप मिटला. "ते खर्चाचं न्हाय," ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "तिला सांगू नका, मास्तर. भिऊन जाईल."

परवा सात वाजून गेले तरी आरोळी आली नाही. मी चप्पल न घालताच धावलो. रामाण्णा लॅपटॉपपुढे शांत बसले होते. माझ्याकडे पाहून परक्याशी हसावं तसं हसले.

"कोण पायजे तुमास्नी?"

त्यांनी दुसरं पान उघडलं, बोट एकेका ओळीवरून खाली आणलं, शेवटच्या ओळीवर थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"मास्तर न्हवं का तुमी?" ते घाबरत म्हणाले. "पण मी अजून हाक मारली न्हाय की."