गोकुळच्या गाडीत कुणी बसेना

“शिरूरपासून दौंडपर्यंत एखाद्या चोराला शिंक आली, तर तो आधी चौफेर बघतो, सुदर्शनराव जवळपास नाहीत ना, आणि मगच शिंकतो,” असं सुदर्शनराव स्वतःविषयी सांगत. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धी कुणाची ते ठरायचं बाकी होतं. तिथं त्यांना साजेसा प्राणीच सापडत नव्हता. त्यांच्या बायकोच्या, नकुशीच्या मनात एक प्राणी होता. पण ती सोशिक होती.

ही बुद्धी त्यांनी कमावली कुठं, तर रांजणगावच्या एका कारखान्याच्या गेटवर. तिथं वॉचमन म्हणून ते कामगारांचे डबे उघडून तपासत. इतक्या वर्षांत डब्यातून चोरीचा एक बोल्ट निघाला नाही, पण कुणाच्या घरी वांग्यात दाण्याचं कूट कमी पडतं हे मात्र त्यांना तोंडपाठ झालं. पुढं कारखान्यानं त्यांना घरी बसायला सांगितलं आणि त्यांनी शिरूरच्या घरावर ‘खाजगी गुप्तहेर’ अशी पाटी ठोकली. त्याखालची जुनी पाटी तशीच राहिली: ‘फॉल-पिको करून मिळेल’. घर चालायचं ते खालच्या पाटीवर. नकुशी दिवसभर मशीनवर बसे आणि मधूनमधून गुप्तहेराच्या सहायकाचं काम करी. म्हणजे चहा.

गुरुवारी केंदूरचा गोकुळ आला. आपल्या गाडीतून धप्पकन उडी मारूनच तो खाली उतरला.

“थांब, बोलू नकोस!” सुदर्शनरावांनी हात वर केला. “तू केंदूरहून आलायस. तुझा फुलांचा मळा आहे. आणि तुझं लग्न जमत नाही.”

“केंदूरचं मीच फोनवर सांगितलं व्हतं,” गोकुळ म्हणाला. “मळा न्हाई, गाडी हाय. आन् लग्न ठरलंय.”

“तेच म्हणतोय मी.”

नकुशीनं मशीनवर पाय जरा जोरात मारला. तिला हसू दाबायचं असलं की ती मशीन चालवी. त्यामुळे केस आली की तिची शिलाई भराभर उरके.

गोकुळचं दुखणं असं होतं. केंदूरच्या बायकांना तो रोज सकाळी कारेगावजवळच्या एका कंपनीत सोडायचा. गाडीत एक जागा मोकळी नसे. मग त्यानं दौंडला जाऊन गाडी सजवून आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही बाई गाडीत पाऊल टाकेना. सगळ्या गावातल्याच जालिंदरच्या खटारा जीपमध्ये कोंबून जात होत्या. कंपनीच्या कंत्राटदारानं बजावलं होतं, की सोमवारी गाडी रिकामी आली तर फेरी कायमची जालिंदरला.

“फेरी गेली तर हप्ता थकून गाडीबी गेली, राव,” गोकुळ म्हणाला. “आन् गाडी गेली तर लग्नाचं काय खरं न्हाई. सासऱ्यानं मला बघितलंच न्हाई, गाडी बघितलीय.”

नकुशी खिडकीतून डोकावली. मूळची साधी, पांढरी, शहाणी व्हॅन असावी. आता तिला बैलगाडीएवढी काळी चाकं होती, त्यावर ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे जाड टायर होते, आणि गाडी स्प्रिंगांवर इतकी उचलली होती, की खालून कोंबडं मान ताठ करून गेलं असतं. फोटोत ती हिमालय चढायला निघाल्यासारखी दिसत असणार. चढायचा होता कारेगावचा स्पीडब्रेकर.

“कशी वाटती, वहिनी?” गोकुळनं कौतुकानं विचारलं.

“दिसती लांबून चांगली,” नकुशी म्हणाली.

शुक्रवारी तपास सुरू झाला. केंदूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, बायका जीपची वाट बघत उभ्या होत्या. नकुशीला बरोबर घेऊन आलेल्या सुदर्शनरावांनी एकेकीची उलटतपासणी घेतली. सगळ्यांत पुढं शेवंताबाई होत्या, बुटक्या, गोल, आणि तोंडानं लांब पल्ल्याच्या.

“गोकुळच्या गाडीत का बसत नाही?”

“माझी चतुर्थी हाय. उपाशीपोटी मला गाडी लागती.”

“आणि जीप लागत नाही?”

“जीप लागत न्हाई. तिला खिडक्याच न्हाईत.”

दुसरीची पाठ दुखत होती. तिसरीला टायरच्या रबराचा वास सोसत नव्हता. बाकीच्यांचा जालिंदर लांबचा भाऊ लागत होता. एका सकाळीत त्या माणसाला इतक्या बहिणी निघाल्या, की दिवाळीला त्याचं काही खरं नव्हतं.

सुदर्शनरावांनी मोबाइलवर पंचांग काढलं आणि ते उसळले. “नकुशे! आज नवमी आहे! चतुर्थी खोटी! बाई खोटं बोलते!”

नवमी आहे हे नकुशीला पहाटे दिवा लावतानाच ठाऊक होतं. तिला खटकलं ते वेगळंच. बाईमाणूस उपास खोटा सांगतं, म्हणजे देवाला मध्ये घालतं. आणि देवाला मध्ये घालतात ते लाज झाकायला, चोरी झाकायला नव्हे. चोरीला नवऱ्याचं नाव पुरतं.

पण विचारतो कोण? सुदर्शनराव एव्हाना गाडीखाली शिरले होते. वाकावं लागलं नाही याचा त्यांना आनंदच झाला. थोड्या वेळानं ते टायरच्या नक्षीतून काहीतरी उकरून, चिमटीत धरून बाहेर आले.

“करणी!” ते ओरडले. “लिंबू! चिरडलेलं! गोकुळ, तुझ्यावर कुणीतरी करणी केलीय!”

“आवो, त्ये पूजेचं लिंबू हाय. नव्या चाकाखाली मीच ठेवलं.”

“तूच?” सुदर्शनरावांचे डोळे बारीक झाले. “म्हणजे तू स्वतःवरच करणी केलीस! का, ते सांग.”

गोकुळ नकुशीकडं बघायला लागला. नकुशी टपरीकडं बघायला लागली. टपरीवरची रिकामी मंडळी मजेत चहा पीत बसली होती. ही कामाला कधी जातात, ही केस कुणी कधी घेतली नव्हती.

दुपारी सूत्रधार बदलला. आता तो दौंडचा टायरवाला मुजीब होता. त्यानं चाकात काहीतरी भरलं असणार. सुदर्शनरावांनी फोन स्पीकरवर टाकला.

“गोकुळच्या गाडीला चाकं तूच बसवलीस?”

“व्हय, मीच बसवली. तुमालाबी बसवायचीत का?”

“माझ्याकडं गाडी नाही.”

“मग पयली गाडी घ्या, साहेब. आपण चाक देतो, गाडी न्हाई.”

“त्या टायरमध्ये तू काय भरलंस?”

“हवा,” मुजीब म्हणाला, आणि फोन ठेवला.

“लगेच कबूल झाला,” सुदर्शनराव म्हणाले. “इतक्या लगेच कबूल होतो, म्हणजे काहीतरी लपवतो.”

शनिवारी त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. वेषांतर. बायकांत मिसळून कट ऐकायचा. नकुशीची ठेवणीतली हिरवी साडी त्यांनी नेसली, म्हणजे नकुशीनं ती त्यांच्याभोवती गुंडाळली. डोक्यातोंडाला, स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ बांधला. फक्त डोळे उघडे राहिले, आणि मिशीचं एक टोक.

“ओळखू येतोय का?”

“सख्खी आई ओळखायची न्हाई,” नकुशी म्हणाली. ते खरं होतं. त्या माउलीनं त्या क्षणी ओळख नाकारलीच असती.

स्टँडवर शेवंताबाईंनी या नव्या बाईला पायांपासून वरपर्यंत बघितलं. पायांत पुरुषी चपला होत्या.

“नव्या दिसताय. कुठल्या म्हणायच्या?”

“पाबळची,” सुदर्शनराव किनऱ्या आवाजात म्हणाले.

“मालक काय करत्यात?”

“गुप्तहेर आहेत. फार मोठे.”

“अगं बया. मग जेवायला कोण घालतं तुमाला?”

बायकांनी पदर तोंडाला लावले. सुदर्शनरावांनी ही कुजबुज कटाची समजून मनात टिपून घेतली आणि धाडस करायचं ठरवलं. आपण चढून दाखवलं की बाकीच्या चढतील, निदान न चढण्याचं कारण उघड होईल. ते गोकुळच्या गाडीच्या उघड्या दाराशी गेले आणि त्यांनी पाय उचलला.

पाय पायरीपर्यंत पोचला नाही. त्यांनी साडी थोडी वर धरली, तरी पोचला नाही. आणखी वर धरली. टपरीवर शिट्टी वाजली. मग त्यांनी दाराची कडी पकडून अंग झोकलं आणि हिरवी साडी गुडघ्यापासून टर्रकन फाटली. ते अर्धे गाडीत, अर्धे केंदूरमध्ये असे लोंबकळले. गोकुळनं आतून हात देऊन ओढलं, तेव्हा ते धान्याचं पोतं पडावं तसे सीटांमध्ये आडवे झाले.

आतून त्यांचा खरा आवाज आला. “सापडलं! नकुशे, सापडलं! दोरा कच्चा आहे! कुणीतरी तालुक्यातल्या सगळ्या फॉलचा दोरा बदललाय!”

फॉल नकुशीनंच लावला होता. साडीही तिचीच होती. नवऱ्याला उतरवायला ती दारापाशी गेली, आणि तिथंच थांबली. पायरी तिच्या मांडीला लागत होती. तिनं मागं वळून बघितलं. टपरीवरची सगळी स्टुलं रस्त्याकडं पाठ करून होती. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. स्टुलांची तोंडं होती गाडीच्या दाराकडं.

नकुशी सरळ शेवंताबाईंपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “किती दिवस झालं हे?”

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. “गाडी नवी आली त्याच दिशी. मी मधीच अडकले. ना वर, ना खाली. लुगडं कुठं, मी कुठं. गोकुळ ल्योकासारखा, त्यानं हात दिला, पर ह्या मुडद्यांनी टाळ्या पिटल्या. एकानं मोबाइल धरला.”

“आन् पोरी? त्या ड्रेसमधी असत्यात. त्या तर चढल्या असत्या.”

“आमी चढतो व्हय काकूला खाली ठिवून!” मागून एक पोरगी फणकारली.

“मग गोकुळला सांगायचं की.”

“काय सांगू? ‘तुझ्या गाडीपायी माझं गुडघं गावानं बघितलं’ आसं? पोरगं त्या चाकाला हात लावून पाया पडतंय रोज.”

जीप आली, बायका गेल्या. गोकुळ रिकाम्या गाडीला टेकून उभा होता. फाटक्या साडीतले सुदर्शनराव त्याला दोऱ्याच्या टोळीविषयी सांगत होते. नकुशीला हे पोरासमोर उघडपणे बोलणं जड जात होतं, म्हणून तिनं एवढंच विचारलं, “गोकुळभावजी, तुमच्या आई कधी बसल्या ह्या गाडीत?”

“आई? तिनं तर गाडी आली त्याच दिशी ओवाळलं तिला.”

“बसल्या कधी?”

“म्हणली, मुहूर्त चांगला न्हाई. मंग म्हणली, गुडघा...” गोकुळ थांबला. त्यानं दाराकडं बघितलं, मग पायरीकडं, मग टपरीकडं. कानापर्यंत लाल झाला. “रोज उडी मारून चढतोय मी,” तो पुटपुटला. “मला काय कळणार?”

“तेच म्हणतोय मी,” सुदर्शनराव म्हणाले. “दोरा!”

रविवारी गाडी दौंडला गेली. चढायची सोय म्हणून गोकुळनं घरचं लाकडी स्टूल घेतलं, आणि त्याची आई पार्वतीबाई, शेवंताबाई आणि नकुशी अशा तिघी देवळाची पायरी चढावी तशा जपून चढल्या. वाटेत शेवंताबाई काहीतरी ओरडत होत्या. टायर गिरणीसारखे घूंऽऽ करत होते, कुणालाच ऐकू गेलं नाही.

मुजीबनं हात हवेत फेकले. “उंची काढायची? भाऊ, मग लुक जाणार! गाडी पुन्हा गाडीसारखी दिसंल!”

“तशीच दिसू दे,” पार्वतीबाई म्हणाल्या.

मुजीबनं वाढीव स्प्रिंगा काढल्या, गाडीच्या मूळच्या परत बसवल्या, आणि टेप हातात घेतला. शेवंताबाईंनी टेप बाजूला सारला. लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, हात मोकळे सोडले आणि पाय उचलला.

“आजून खाली.”

मुजीबनं लहान चाक लावून बघितलं.

“आजून जरा.”

“मावशी, एवढ्यानं गाडी जमिनीला टेकंल.”

“मला टेकू दे आधी.”

शेवटी पाय पायरीवर अलगद बसला, लुगडं जागचं हललं नाही. तेवढ्यावर मुजीबनं खूण केली. टायरच्या वेळी शेवंताबाईंची एकच अट होती. “गाडीत बोललेलं ऐकू आलं पायजे. न्हाईतर येवढं लांब कामाला जायाचं कशाला?” म्हणून ट्रॅक्टरी नक्षी गेली आणि साधे, गुपचूप फिरणारे टायर आले. गोकुळचा चेहरा बघवत नव्हता.

“चाकं तरी काळी ठिवू का?” त्यानं दबकत विचारलं.

शेवंताबाईंनी मान तिरकी करून बघितलं. “ऱ्हाऊ दे काळी. सासऱ्याला दाखवायला काय तरी पायजे.”

सोमवारी सकाळी गाडी केंदूरच्या स्टँडवर उभी राहिली. शेवंताबाई पहिल्या चढल्या, पिशवी हातात धरून, बोलता बोलता, मागं न बघता. मग पोरी चढल्या. टपरीवरच्या मंडळींनी थोडा वेळ वाट बघितली, मग एकेकानं स्टूल परत रस्त्याकडं फिरवलं. पार्वतीबाईंना रांजणगावच्या गणपतीला जायचं होतं, म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या आणि त्यांच्या शेजारी नकुशी. जालिंदरची जीप मागं येऊन थांबली, हॉर्न वाजवला, आणि कुणीच हललं नाही तेव्हा निघून गेली. गोकुळनं कंत्राटदाराला भरलेल्या गाडीचा फोटो पाठवला. या वेळी चाकं फोटोत आली नाहीत.

एवढ्यात सुदर्शनराव इस्त्रीच्या शर्टात आले. वाटेत रांजणगावला जुन्या कारखान्याच्या गेटवर उतरून, साहेबांसमोर, दोऱ्याच्या टोळीचा छडा आपण कसा लावला याचं भाषण त्यांनी तयार केलं होतं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला. पाय सहज पोचला, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“जागा न्हाई, राव,” गोकुळ म्हणाला.

“जागा नाही?” सुदर्शनराव मागं सरकले. त्यांनी भरलेल्या गाडीवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. “शनिवारपर्यंत रिकामी असलेली गाडी एकदम भरते? नकुशे, उतर खाली. इथं काहीतरी गडबड आहे.”

“अहो,” नकुशी खिडकीतून शांतपणे म्हणाली, “घरी जाताना गिरणीतनं दळण घेऊन जा. बाजरीचं आहे. विचारलं तर सांगा, मीच ठेवलंय. तपास करू नका.”

आणि गाडी निघाली. आतलं हसणं पार वळणापर्यंत ऐकू येत होतं.