माझ्या नावावरचा पतंग

बाळ झालं म्हणून काय छंद गुंडाळून माळ्यावर टाकायचा? मुळीच नाही! "सगळी तयारी माझ्याकडे," असं मी दुर्बीणकाकांना छातीठोकपणे सांगितलं. काका आमच्या पक्षीमंडळाचे म्होरके.

सरत्या थंडीतला दिवस. अख्खं मंडळ, शिवाय माझा नवरा आणि लेक, टेकडीवर गरुडासाठी दिवसभर माना वर करून बसलो. गरुड काही फिरकला नाही. तिन्हीसांजेला पतंगांची पाळी. पांढरी चादर टांगायची, मागे दिवा लावायचा, येतील त्या पतंगांची नोंद करायची.

"चादर?" काकांनी हात पुढे केला.

मी पिशवी उपसली. लंगोट, दुपटी, टोपडी, खुळखुळा... चादर सोडून अख्खा संसार! शेवटी लेकीची चादर टांगली. त्या चादरीशिवाय ती झोपत नाही, पण म्हटलं, नोंद होईपर्यंत काय होतंय!

दिवा लागला आणि मला चादरीच्या कोपऱ्यात एक पतंग दिसला. तपकिरी, जाडसर, पंख मिटलेला.

"अगं, हा आपल्याकडे कधीच दिसलेला नाही!" काका कुजबुजले. "पहिली नोंद! तुझ्या नावावर! कुणी हलू नका!"

माझ्या नावावर! वर्षभर मी फक्त 'बाळाची आई' होते हो!

तेवढ्यात लेकीने भोंगा लावला. नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. "अगं, दे ती चादर!"

"अरे, थांब जरा! फोटो होऊ दे!"

"एवढा आरडाओरडा, तरी हलत नाही," काका गहिवरले. "काय शांत जीव आहे!"

नवऱ्याने चादरीपाशी थांबून हताशपणे आभाळाकडे पाहिलं. तेवढ्यात लेक खांद्यावरून झेपावली, तिने पतंग खुडला आणि तोंडात टाकला!

"नोंद खाल्ली!" काका मटकन खाली बसले.

मी घाबरून तिच्या तोंडात बोट घातलं. उरलासुरला पतंग बाहेर काढला, हुंगला. केळं! सकाळी कुस्करून भरवलेलं, चादरीवर वाळलेलं!

सगळे वाकून केळं बघायला लागले. नवरा तेवढा अजून वरच बघत होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "एवढी मोठी घार असते का हो? आत्ता डोक्यावरून गेली."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. दूर कड्यामागे गरुड दिसेनासा होत होता.

लेक चादर गुंडाळून गाढ झोपली. मंडळाच्या वहीत गरुड लागला तो पारव्याला 'मोठी चिमणी' म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या नावावर. आणि माझ्या नावावर? अर्धं केळं. तेही खाल्लेलं!